लहान मूल अचानक दवाखान्यात भरती होतं तेव्हा घरानं काय करायचं

जानेवारीतली रात्र, अडीच वाजलेले. लेकीला दोन दिवस सर्दी-ताप होता. पाणी पाजायला म्हणून स्वेटर वर केला, तर प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. मोबाइलवर एक मिनिट लावून श्वास मोजले, चोपन्न भरले. तासाभरात ती ऑक्सिजनवर होती. न्यूमोनिया निघाला आणि इंदूरच्या एका खाजगी दवाखान्यात आम्ही सहा रात्री काढल्या. तेव्हा ती पावणेतीन वर्षांची होती.

पहिल्या दिवशी घरचे नऊ जण आळीपाळीनं तिच्या उशाशी बसले. सगळे प्रेमानंच आले होते, पण ती सगळ्यात जास्त रडली तीही त्याच दिवशी. डोळे उघडले की दरवेळी समोर वेगळा चेहरा. दुसऱ्या दिवसापासून उशाशी एकच माणूस ठेवलं आणि बाकीच्यांनी बाकीची कामं वाटून घेतली. तेव्हापासून तिचं आणि आमचंही सगळं जरा रुळावर आलं. पुढे जे सांगते आहे ते सगळं त्या एका माणसाच्या आजूबाजूला रचलेलं आहे.

निघायचं कधी

मूल शांत किंवा झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पोट वर आलं की एक. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले तर श्वास जलद आहे, डॉक्टरला लगेच दाखवायला हवं. बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ किंवा जीभ निळसर दिसत असेल, मूल इतकं मलूल असेल की उठवलं तरी डोळे उघडून बघत नाही, काहीच पीत नाही किंवा प्यायलेलं सगळं उलटून टाकतं, सात-आठ तास शू झालेली नाही, तर सकाळची वाट बघू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला तर दुसरं कुठलंही लक्षण नसलं तरी निघा.

तापात झटका आला तर घर घाबरून जातं, म्हणून हे आधीच घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक सामान सरकवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यानं झटका थांबत नाही, फक्त वेळ जातो. झटका पाच मिनिटांच्या पुढे गेला तर १०८ ला फोन. लवकर थांबला तरी पहिलाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

आणि घरात उरलेली खोकल्याची बाटली उघडू नका. २०२५ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाड्यात, डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सिरपनं मुलांच्या किडन्या निकामी झाल्या आणि वीसहून जास्त मुलं गेली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा लागतच नाहीत. तापाचं औषध दिलं असेल तर किती मिली आणि किती वाजता, ते लिहून घ्या. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच येतो.

कुठे जायचं हे रात्री अडीचला ठरवायला लागू नये. आपल्या भागात चोवीस तास मुलांचे डॉक्टर आणि मुलांचं आयसीयू कुठे आहे, हे आज दिवसाढवळ्या विचारून ठेवा. सरकारीत जायचं तर इंदूरच्या एमवाय, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या आवारात चाचा नेहरू बाल चिकित्सालय मुलांसाठीच आहे. रंगपंचमीच्या गेरेला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, आणि अनंत चतुर्दशीला झांक्यांच्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीच्या रात्री राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात. जुन्या शहरात राहणाऱ्यांनी त्या दिवसांसाठी दुसरा रस्ता आधीच डोक्यात ठेवावा.

पिशवी

लसीकरणाचं कार्ड, मुलाचं आणि आई-वडिलांचं आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक), विम्याचं किंवा आयुष्मान कार्ड, आणि चालू असलेली औषधं बाटली-पाकिटासकट. या सगळ्याचे फोटो नवरा-बायको दोघांच्याही फोनमध्ये हवेत. लांब वायरीचा चार्जर घ्या, कारण प्लग बहुतेक वेळा पलंगामागे असतो.

मुलाचे कपडे समोरून उघडणारे, बंदांचे किंवा बटणांचे घ्या. हाताला सलाईन लागलं की डोक्यातून घालायचा फ्रॉक निघता निघत नाही. आम्ही पहिल्या रात्री तिचा आवडता फ्रॉक बाहीतून कापला. मनगट्या, वाळे, काळे मणी, गळ्यातला ताईत घरीच काढून ठेवा. हात सुजला तर मनगटी रुतते, आणि छातीच्या एक्स-रेच्या वेळी ताईत मध्ये येतो.

आणि तिची गोधडी. धुतलेली नको, रोजची, घराचा वास असलेली. आजीच्या जुन्या नऊवारीची शिवलेली आमची गोधडी त्या सहा रात्रींत पांढऱ्या चादरीवर पसरलेली होती. सुई लावून झाल्यावर रडत रडत ती आधी तिचाच कोपरा शोधायची. आयसीयूत आईला जाऊ देत नसतील तर सिस्टरला विचारा. गोधडी किंवा एखादं खेळणं आत ठेवायची परवानगी पुष्कळदा मिळते.

पहिली दहा मिनिटं

कॅज्युअल्टीत गोष्ट सुरुवातीपासून सांगायला जाऊ नका. आधी वय आणि वजन, मग आत्ता काय होतंय, ते कधीपासून, कुठलं औषध कधी दिलं, कशाची ॲलर्जी आहे का, याआधी कधी भरती केलं होतं का. इथे हे सगळं हिंदीत सांगायचं असतं, आणि घाबरल्यावर आपली हिंदी मध्येच मराठी होते. मी कारमध्ये चार ओळी मनात घोकल्या होत्या: "पौने तीन साल की है, बारह किलो। दो दिन से बुखार, रात से साँस तेज़ है। आख़िरी दवा साढ़े दस बजे दी। किसी दवा से एलर्जी नहीं है।" पुढचे प्रश्न त्यांना विचारू द्या.

वजन खरंच महत्त्वाचं. मुलांचं प्रत्येक औषध वजनावर ठरतं. शक्य असेल तर तिथेच पुन्हा करून घ्या आणि कागदावर तोच आकडा लिहिलाय ना, ते बघा.

नावाचं स्पेलिंगही पहिल्याच फॉर्मवर तपासा. मराठी घरांनी तर दोनदा तपासावं. आमच्या लेकीच्या नावात 'ज्ञ' आहे. आधारवर तो मराठी उच्चाराप्रमाणे 'डीएनवाय' असा लिहिलाय. काउंटरवरच्या मुलानं ऐकून हिंदीप्रमाणे 'जीवाय' लिहिला. विमा कंपनीसाठी या दोन वेगळ्या मुली झाल्या, आणि मंजुरी अर्धा दिवस अडकली. आधार कार्ड समोर धरा आणि त्यावर बघूनच लिहायला सांगा.

माणसं वाटून घ्या

उशाजवळचं माणूस: बहुतेक घरांत आई, पण आईच असायला हवी असं नाही. मूल ज्याच्याजवळ पटकन शांत होतं तो. आमच्या नात्यात एकाकडे तो मान आजोबांकडे गेला आणि त्यांनी तो उत्तम निभावला. या माणसानं बिल, फोन, औषधांच्या दुकानाची रांग, काहीही करायचं नाही. त्याला झोप हवी म्हणून दुसरं एक माणूस ठरवा, तेही रोज तेच. बदली करायची ती मूल जागं असताना, त्याच्या देखत, सांगून: "मी आता घरी जाऊन अंघोळ करून येते, तोवर बाबा आहे." झोपेत असताना गुपचूप निघून गेलात तर पुढच्या वेळी ते झोपायलाच तयार होत नाही. डॉक्टरांच्या राउंडच्या वेळी मात्र ज्यानं रात्र काढली तोच हजर हवा, कारण रात्री काय झालं ते त्यालाच माहीत असतं.

धावपळीचं माणूस खाली राहतं: औषधं, रक्ताचे नमुने, रिपोर्ट, डबा. कागदाचं माणूस पैसे आणि विमा बघतं. आमच्याकडे ते काम दिरानं केलं, कारण त्याला फॉर्म वाचायचा कंटाळा नाही आणि आवाज चढवायची सवयही नाही.

चौथं माणूस घरी. घरी दुसरं मूल असेल तर याच्यावरची जबाबदारी कमी समजू नका. आमचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. ती गावाला गेलीय वगैरे सांगितलं असतं तर त्याला ते पटलंच नसतं. त्यानं पहाटे आम्हाला तिला उचलून पळताना पाहिलं होतं. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्याला जवळ घेऊन खरं ते सांगितलं: तिला श्वास घ्यायला त्रास होतोय, तिथे डॉक्टर मदत करतायत, आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही. ते शेवटचं वाक्य त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी त्यानं तिला उष्टं आइस्क्रीम चाटवलं होतं, आणि ते तो मनात धरून बसला होता.

नातेवाईकांचा प्रश्न नाजूक असतो. काका, मावशी, शेजारी सगळे येणार, आणि येऊ नका म्हणायचं सुनेच्या तोंडी शोभत नाही. ते काम घरातल्या थोरल्या माणसाकडे द्या. आमच्या सासऱ्यांनी सगळ्यांना एकच निरोप पाठवला: "डॉक्टरांनी भेटायला मनाई केली आहे. दुपारी एक आणि रात्री आठ वाजता मी स्वतः कळवीन. डबा पाठवायचा असेल तर जरूर पाठवा." कुणी रागावलं नाही. उलट दोन वेळचा डबा वेगवेगळ्या घरांतून येऊ लागला.

भाषेचा एक कागद

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. आमच्या घरात मराठीच. शाळा सुरू व्हायच्या आधी लेकीला हिंदी कळायची ती अर्धीमुर्धी. दुसऱ्या दिवशी एक सिस्टर तिला थोपटत म्हणाली, "बस, बस, बेटा।" तिचा अर्थ होता 'झालं, झालं'. लेकीनं ऐकलं 'बस'. नाकात ऑक्सिजनची नळी, हाताला सलाईन, आणि ती धडपडत उठून बसायला लागली. सिस्टर तिला आडवं करायची, पुन्हा "बस, बस" म्हणायची, ती पुन्हा उठायची.

त्या संध्याकाळी वहीचा कागद फाडून मोठ्या अक्षरात लिहिलं आणि पलंगाच्या डोक्याशी चिकटवलं. शू म्हणजे सूसू. शी म्हणजे पॉटी. बाऊ म्हणजे चोट, दर्द. नको म्हणजे नहीं चाहिए. पुरे म्हणजे बस. मंमं म्हणजे खाना. आणि खाली: 'बस' सुनकर यह उठ बैठती है, कृपया 'हो गया' कहें। रात्रीच्या ड्यूटीवर केरळच्या एक सिस्टर होत्या. त्यांनी तो कागद वाचला, वाकल्या आणि म्हणाल्या, "बाऊ?" लेकीनं हात पुढे करून सुईची जागा दाखवली. जागा खरंच सुजली होती. सुई लगेच बदलली गेली.

सुई, नळ्या, मॉनिटर

'दुखणार नाही' असं सांगू नका. दुखतं, आणि मग तुमच्यावरचा विश्वास जातो. "दुखेल, थोडा वेळ. मी धरते. दहापर्यंत मोजू." डॉक्टर आणि सिस्टरची भीती तर कधीच घालू नका. 'खाल्लं नाहीस तर सुई देतील' हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला बंद करायला सांगा, कारण त्याच हातांकडून पुढचे पाच दिवस उपचार घ्यायचे आहेत.

सुई लावताना मुलाला पलंगावर दाबून धरण्यापेक्षा मांडीवर, छातीशी धरून लावता येईल का ते विचारा. पुष्कळ ठिकाणी हो म्हणतात. अंगठा चोखणारं मूल असेल तर कुठला हात ते आधी सांगा, दुसऱ्या हाताला लावतील. अंगावर पिणाऱ्या बाळाला सुईच्या वेळी पाजत राहिलं तर वेदना कमी होते. रक्त घ्यायची वेळ आधीच ठरलेली असेल तर कातडी बधिर करणारं क्रीम मिळतं का विचारा, ते साधारण तासभर आधी लावावं लागतं. सुई लावल्यानंतर ती जागा दर दोन-तीन तासांनी बघा. लाल, गरम, टणक किंवा सुजलेली वाटली, किंवा औषध जाताना मूल कळवळलं, तर लगेच सिस्टरला बोलवा.

मॉनिटर वाजला की आधी मुलाकडे बघा, मग आकड्याकडे. बोटाचा क्लिप सरकला तरी तो वाजतो. पण मूल वेगळं दिसत असेल, तर आकडा चांगला असला तरी सिस्टरला उठवा. तुम्ही त्याला रोज बघता, हे तिथे सांगायला संकोचू नका.

पलंगाचा कठडा एका मिनिटासाठीही खाली सोडू नका.

वही

शंभर पानी साधी वही. डाव्या पानावर वेळ घालून घडलेलं: ताप किती, श्वास किती, काय खाल्लं, किती प्यायलं, शू कितीदा, कुठलं औषध लागलं. उजव्या पानावर प्रश्न. राउंडला डॉक्टर चार मिनिटं थांबतात, त्यात आठवून विचारायला वेळ नसतो. माझे रोजचे प्रश्न चारच होते. कालपेक्षा आज काय बदललं? ही तपासणी कशासाठी, आणि तिच्या निकालानं उपचार बदलणार आहे का? घरी जायला काय काय व्हायला हवं? रात्री काय दिसलं तर मी लगेच कुणाला बोलवू? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, 'ऑक्सिजनशिवाय रात्रभर चांगली राहिली आणि तोंडानं नीट प्यायली की'. त्यानंतर 'घरी कधी सोडणार' म्हणून तळमळणं थांबलं. आम्हाला काय बघायचं ते कळलं होतं.

संमतीच्या कागदावर न वाचता सही करू नका. समजलं नाही तर हिंदीत समजावून मागा, तो तुमचा हक्क आहे.

खाणं

मुलाला काय द्यायचं ते डॉक्टर सांगतील तेच. श्वास फार जलद असताना भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, म्हणून आजीनं मऊ भात-मेतकूट आणलं असलं तरी आधी विचारा. परवानगी मिळाल्यावर तेच सगळ्यात आधी पोटात गेलं, साजूक तूप घालून, चार चमचे.

उशाजवळच्या माणसानं सकाळी वीस मिनिटं खाली जायचंच. गेटबाहेर पोह्यांची कढई वाफाळत असते. शेव-जिरावण घातलेली एक प्लेट उन्हात उभं राहून खा. पण दिवसभर चहा-पोह्यांवर काढू नका. डब्यातली पोळी-भाजी, दहीभात वेळेवर खा. चौथ्या दिवशी मला चक्कर आली, आणि त्या तासभर लेकीजवळ कुणीच ओळखीचं नव्हतं.

पैसे आणि कागद

आयुष्मान कार्ड असेल तर भरती होतानाच काउंटरवर सांगा, दवाखाना योजनेत आहे का ते विचारा आणि तिथल्या आयुष्मान मित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा. एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण असतं. मुलाचं नाव समग्रमध्ये जोडलेलं आहे का ते आजच बघून ठेवा. हेल्पलाइन १४५५५.

खाजगी विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा. अचानक भरतीसाठी साधारण चोवीस तासांची अट असते. विमा नियामकानं मे २०२४ मध्ये ठरवून दिलंय की कॅशलेसच्या मागणीवर कंपनीनं एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. टीपीएच्या, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्या मध्यस्थ कंपनीच्या, खिडकीवर हे शांतपणे सांगता आलं पाहिजे. खोली घेण्याआधी पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा किती ते बघा. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर पुष्कळ पॉलिसींत फक्त भाड्याचा फरक नाही, डॉक्टरांची फी वगैरेही त्याच प्रमाणात कापली जाते.

अंदाजे खर्च लेखी मागा आणि आजवरचं बिल रोज संध्याकाळी बघा. आमच्या बिलात वाफ देण्याचा मास्क दोनदा लागला होता. त्याच दिवशी दाखवल्यामुळे दोन मिनिटांत दुरुस्त झाला. न वापरलेली, सीलबंद औषधं परत करता येतात, रोजच्या रोज करा. बाहेरून औषध आणणं हा रुग्ण हक्क सनदेप्रमाणे तुमचा हक्क आहे. आर. एन. टी. मार्गावरचा दवा बाजार त्यासाठीच ओळखीचा आहे. मात्र औषधाचं नाव, ताकद आणि एक्सपायरी चिठ्ठीशी जुळवून घ्या आणि पक्कं बिल घ्या.

घरी येताना आणि नंतर

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना घाई असते. तरीही बसून घ्या. प्रत्येक औषध किती मिली, दिवसातून कितीदा, किती दिवस, हे सिस्टरसमोर वहीत लिहा. घरातल्या चमच्यानं नाही, मापाच्या सिरिंजनं किंवा टोपणानं द्यायचं. पुन्हा कधी दाखवायचं, काय दिसलं तर लगेच यायचं, राहिलेली लस कधी, पाळणाघरात कधी पाठवायचं हे विचारा. हाताची सुई काढली आहे ना ते बघा. रुग्णाच्या कागदपत्रांच्या प्रती मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असा नियम आहे. तुमची मागणी लेखी करा.

घरी आल्यावर मूल लगेच पहिल्यासारखं होईल असं धरून चालू नका. आमची लेक पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली, रात्री दचकून उठायची, मला बाथरूमलाही जाऊ द्यायची नाही. पांढरा कोट दिसला की किंचाळायची. काही आठवडे असं होतं. रागावू नका, लाजवू नका. महिन्याभरानंतरही कमी होत नसेल तर डॉक्टरांशी बोला. रिकामी सिरिंज, सुई काढून टाकलेली, आम्ही खेळायला दिली होती. ती रोज बाहुलीला आडवं करायची, गोधडीत गुंडाळायची आणि सांगायची, "दुखेल. मी धरते."

माझी रड तिसऱ्या आठवड्यात बाहेर आली, भाजी चिरताना, काही कारण नसताना. आईंनी सुरी हातातून घेतली, गॅस बंद केला आणि शेजारी बसून राहिल्या. उशाशी बसलेल्या माणसाला हे नंतर होतं, घरानं ते धरून चालावं.

ती पिशवी आता कपाटावर असते. चार्जर, दोन झबली, कागदांच्या झेरॉक्स आणि वहीचं पहिलं पान. त्यावर दोन्ही मुलांचं वजन मी दर तीन महिन्यांनी खोडून नव्यानं लिहिते. लेकीचा शेवटचा आकडा १३.४.